सातारा की पुणे?

बिऱ्हाड हा शब्द मोठा गमतीचा आहे. घर बांधायचे असते, वाडा वाडवडिलांकडून चालत येतो. बिऱ्हाड मात्र 'करावे' लागते, आणि करून पुरते स्थिरावले न स्थिरावले तोच ते 'हलवावे' लागते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत स्वाऱ्या असतात, तह असतात, राज्याभिषेक असतात. बिऱ्हाडांना तेथे जागा नसते. 'राजधानी अमक्या साली तमक्या गावी गेली' एवढ्या एका ओळीत आम्ही शाळामास्तर मुलांना ती गोष्ट सांगून मोकळे होतो. परंतु राजधानी म्हणजे काही पालखी नव्हे, की चार भोयांनी उचलली आणि नेऊन ठेवली! तिच्यामागून कारकून जातात, सावकार जातात, शास्त्री, वैद्य, सोनार, शिंपी, गवळी आणि न्हावी जातात. गाड्यांवर जाते चढते, पाटा-वरवंटा चढतो, देवांचा संपुष्ट कोणीतरी छातीशी धरतो, आणि तुळशीवृंदावनापाशी एखादी म्हातारी 'मी काही येत नाही' म्हणून बसून राहते.

असे एक मोठे स्थलांतर आपल्या महाराष्ट्रात अठराव्या शतकाच्या मध्याला झाले. तेव्हा साताऱ्यातल्या शेकडो घरांपुढे एकच प्रश्न उभा होता : येथेच राहावे, की पुण्यास जावे? त्या प्रश्नाची हकीकत या दिवाळीत वाचकांना सांगावी असे मनात आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचण्यास हरकत नाही. लढाया हिच्यात थोड्या आहेत.

आज पुणे म्हटले की जे डोळ्यांपुढे येते ते क्षणभर बाजूला ठेवावे लागेल. १७५० च्या सुमारास सातारा आणि पुणे ही दोन्ही मध्यम वकुबाची गावे होती, आणि मानाचे पान साताऱ्याचे होते. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. वयाच्या आठव्या वर्षी, १६८९ साली, हा मुलगा रायगडावर मोगलांच्या हाती सापडला होता आणि १७०७ साली सुटून आला होता. एवढा काळ दुसऱ्याच्या छावणीत काढलेल्या माणसाला स्थिर जागेची ओढ किती असेल! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी नगर वसवले, शाहूनगर. यवतेश्वराच्या डोंगरावरून गावात पाणी आणले. पेठा बसवल्या; त्यांतल्या यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा यांची नावे साताऱ्यात अजून पत्त्यांवर लिहिली जातात. गावाच्या पूर्वेस दीडएक कोसावर माहुलीला कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम. तेथे स्नान घडावे आणि शेवटी तेथेच हाडे पडावीत, ही त्या मुलखातल्या माणसांची आस. जवळच धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामी राहत, आणि मोठमोठे सरदार त्यांच्याकडे आशीर्वादाला येत. आशीर्वादाच्या जोडीला कर्जही मिळे, ही गोष्ट थोरल्या बाजीरावांच्या पत्रांतून चांगलीच दिसते.

पुण्याची कुंडली अशी नव्हती. १६३० च्या आसपास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला होता. पुढे जिजाबाईंनी ते पुन्हा नांदते केले, कसब्याच्या गणपतीची स्थापना केली, लाल महाल उभा राहिला. परंतु शिवाजी महाराजांनी राजधानी डोंगरांत नेली, आणि पुणे एक कसबा राहिले. औरंगजेबाने १७०३ साली त्याला मुहियाबाद हे नाव दिले. ते नाव कोणाच्या तोंडी बसले नाही, एवढेच त्यातले चांगले. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे कुटुंब राहिले ते पुण्यास नव्हे, सासवडास. १७२० मध्ये ते वारले तेही सासवडासच.

मग बाजीरावांनी पुणे का निवडले? मला यात दोन कारणे दिसतात. एक, बाजीरावांची नजर सदैव उत्तरेकडे होती. साताऱ्याहून निघाले की खंबाटकीचा डोंगर, मग नीरा, मग पुन्हा डोंगर. पुण्याहून मात्र जुन्नर, नाशिक, औरंगाबाद या वाटा मोकळ्या. घोडदळाच्या माणसाला चार मुक्काम वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. दुसरे कारण जरा घरगुती आहे. दरबारात श्रीपतराव प्रतिनिधींसारखे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी होते. धन्याच्या डोळ्यांसमोर चोवीस तास असणे नोकराला नेहमीच सोयीचे नसते. फार दूर असणेही धोक्याचे. सत्तर मैल हे अंतर त्या दृष्टीने उत्तम! बोलावले तर जाता येते, न बोलावता कोणी डोकावत नाही. शिवाय पुरंदरचा किल्ला घराण्याच्या ताब्यात आला होता, म्हणजे प्रसंग पडला तर बायकामुलांना न्यायला हाकेच्या अंतरावर आसरा.

१० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. या वाड्याची एक आख्यायिका पुण्यात अजून सांगतात. वाडा सगळाच दगडी बांधायचा होता; पण पहिला मजला झाल्यावर साताऱ्याहून कुरबूर आली की, दगडी वाडा बांधावा तो राजाने, चाकराने नव्हे. तेव्हा वरचे काम विटांत झाले म्हणे. खरे-खोटे देव जाणे. परंतु साताऱ्याच्या लोकांना पुण्यात काय चालले आहे याची चिंता लागली होती, एवढे या गोष्टीतून नक्की कळते.

तरीही शाहू महाराज होते तोवर सातारा हलला नाही. बाजीराव १७४० साली रावेरखेडीस वारले. त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली ती महाराजांच्याच हातून. नानासाहेबांची पत्नी गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची लेक, आणि सांगतात की ही सोयरीक खुद्द महाराजांनीच मनात आणून जुळवली. म्हणजे पुण्याच्या वाड्यातली सूनही कृष्णाकाठचीच होती!

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले. पोटी पुत्र नाही. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला गादीवर बसवायचे ठरले, आणि राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा अशा अर्थाच्या स्वदस्तुराच्या दोन याद्या महाराज मागे ठेवून गेले. १७५० च्या जानेवारीत रामराजा साताऱ्यात आला. पण त्याच वर्षी रघूजी भोसल्यांसारखे सरदार मसलतीला जमले ते पुण्यास. सांगोल्याला सदाशिवरावभाऊंनी रामराजाकडून कारभाराचे अधिकार पेशव्यांच्या नावे करून घेतले. कागद बदलले की कारकुनाला कळते. तोफ वाजावी लागत नाही.

येथे थोडे थांबून त्या कारकुनाच्या घरात डोकावू. नाव-गाव मी देत नाही, कारण तो माझ्या मनातला आहे. पण त्याच्यासारखे अनेक असले पाहिजेत. समजा, वय चाळीस. बाप महाराजांच्या दप्तरात, हाही तेथेच. माहुलीच्या वाटेवर लहानसे शेत, चिमणपुऱ्यात घर, परसात दोन आंबे. पोरीचे लग्न व्हायचे आहे. पुण्याहून मेहुण्याचे पत्र येते : 'येथे फडावर माणसे हवी आहेत, अक्षर चांगले असेल तर दोन दिवसांत काम लागेल, तेथे बसून काय करता?' बायको म्हणते, पुण्यास कृष्णा नाही. आई म्हणते, तुमच्या वडिलांची हाडे संगमावर पडली, माझी मुठेत टाकाल काय? आणि ह्याच्या स्वतःच्या मनात तिसरेच असते. ज्या गादीचे मीठ खाल्ले ती गादी येथे आहे. पण पगार देणारा हात तेथे गेला आहे. मीठ कोणाचे म्हणायचे?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या दिवशी, ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत टाकले. खाली गाव, वर किल्ला, आणि किल्ल्यावर कैदेत राजा! १७५१ मध्ये दमाजी गायकवाड ताराबाईंच्या मदतीला फौज घेऊन आला, आणि वेण्णेच्या काठी, म्हणजे गावाच्या अगदी वेशीपाशी, लढाई झाली. पेशव्यांचा जय झाला आणि दमाजीला पुण्यास नेऊन अडकवून ठेवले. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथा होऊन ताराबाई आणि पेशवे यांच्यात समेट झाला. रामराजाची सुटका मात्र ताराबाई असेपर्यंत झाली नाही, आणि त्या १७६१ च्या डिसेंबरापर्यंत होत्या. ज्या गावात नोकरी करायची तेथे रोज सकाळी वर किल्ल्याकडे पाहून 'आज धनी कोण' हे ठरवावे लागत असेल, तर चांगल्या चांगल्यांचा निश्चय ढळेल.

पुण्यात त्याच काळात काय चालले होते पाहा. १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर झाले. कात्रजला तलाव बांधून तेथून बंद नळाने शहरात पाणी आणण्याचे काम नानासाहेबांनी हाती घेतले. वाड्यातल्या कारंज्यांना आणि पेठेतल्या हौदांना एकच पाणी. बुधवार, शुक्रवार, रविवार अशा पेठा एकामागून एक भरत होत्या. पेठ बसवण्याची रीत मोठी व्यवहारी होती. सरकार एखाद्या कर्त्या माणसाला कौल देई : व्यापारी आणा, घरे बांधवा, इतकी वर्षे कर माफ. त्या माणसाला पेठेच्या शेटेपणाचे हक्क मिळत, म्हणून तोही मनापासून माणसे गोळा करी. श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही चाल मूळची तळेगावच्या दाभाड्यांची, १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर ती पुण्याकडे आली. दक्षिणेला आलेला शास्त्री चार दिवस राहतो, एखादा शिष्य मिळतो, मग ओसरीवर जागा मिळते, आणि पुढच्या वर्षी त्याचे कुटुंब येते. गावे अशी वाढतात.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हिशेबनिसाचे काम करतो, आणि कंपनी त्याला कोल्हापूर किंवा नाशिक यांपैकी एक निवड म्हणते. त्याने कागदावर दोन रकाने आखले होते : घरभाडे, पाणी, शाळा, हवा, सासुरवाडीचे अंतर. गुण देऊन बेरीजही केली होती, आणि दोन्ही बेरजा सारख्या आल्यामुळे बिचारा हवालदिल झाला होता. मी त्याला हीच साताऱ्याची गोष्ट सांगितली, आणि एक रकाना राहिला आहे असे म्हटले : हे गाव कोणाच्या जिवावर उभे आहे? सातारा उभा होता एका माणसाच्या स्वभावावर. शाहू महाराज दयाळू होते, माणसे जोडून ठेवणारे होते. भांडणारे सरदार त्यांच्यासमोर आले की नरम होत. तो माणूस गेला आणि तीन महिन्यांत गावाचा कणा मोडला. पुणे उभे होते फौजेच्या खर्चावर, मुलखाच्या हिशेबावर आणि बाजारावर. पेशवा बदलला तरी हिशेब थांबत नसे. विद्यार्थ्याचे समाधान झाले की नाही ते कळले नाही. त्याने सहावा रकाना आखला एवढे मी पाहिले.

साताऱ्याच्या मुलखातून जे पुण्यास गेले त्यांत दोन माणसे अशी की त्यांच्यावाचून पेशवाईचा इतिहास लिहिता येत नाही. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. तरुणपणी साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे ते शागिर्दाचे काम करीत. धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्यांच्या अंगावरच्या दागिन्याकडे ते टक लावून पाहत राहिले, धनी टाकून बोलले, आणि त्या शब्दाच्या चटक्याने हा मुलगा काशीला जाऊन शास्त्री होऊन आला, अशी कथा आहे. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी राहिले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला तेव्हा रघुनाथरावांना त्यांच्याच तोंडावर दोषी ठरवून ते पुणे सोडून निघाले. आणि गेले कोठे? वाईजवळच्या एका खेड्यात, कृष्णेच्या मुलखात. राघोबादादांचा अंमल उडाल्यावर परत आले आणि १७८९ मध्ये वारेपर्यंत न्याय देत राहिले.

दुसरे नाना फडणीस. घराणे कोकणातले, श्रीवर्धनच्या भानूंचे. पण नानांचा जन्म साताऱ्याचा, १२ फेब्रुवारी १७४२. आजोबा बाळाजी महादेव १७१९ साली दिल्लीच्या दंगलीत मारले गेले. वडील १७५६ मध्ये वारले, आणि चौदाव्या वर्षी फडणिशी या मुलाच्या अंगावर पडली. सारे आयुष्य पुण्यात, जमाखर्चाच्या आणि गुप्त पत्रांच्या ढिगात गेले. त्यांच्या नावाची पेठ पुण्यात आहे. पण स्वतःच्या मनासारखा वाडा आणि घाट त्यांनी बांधला तो वाईजवळ मेणवलीला. त्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली ती म्हणतात. पाहण्यास गेलात तर संध्याकाळी जावे. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या पाहिल्या की, पुण्याच्या हौदाचे पाणी प्यालेल्या या माणसाच्या मनात काय होते ते कोणी सांगावे लागत नाही. मृत्यू मात्र पुण्यातच आला, १३ मार्च १८०० रोजी.

गोपिकाबाईंच्या माहेरचे रास्तेही पुण्यात आले आणि एका पेठेला त्यांचे नाव लागले. शाहू महाराजांच्या चिटणिसांचे घराणे मात्र साताऱ्यासच राहिले. हातात फारसा कारभार उरला नव्हता, पण कागद होते. त्याच घरातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी धाकट्या शाहू महाराजांच्या आज्ञेवरून छत्रपतींची चरित्रे लिहिली. पुढच्या संशोधकांनी त्यांच्या बखरीतल्या चुका पुष्कळ काढल्या, आणि त्या काढायलाच हव्या होत्या. परंतु मला त्या गृहस्थाविषयी माया वाटते. सगळे गाव उठून गेले असताना मागे राहिलेल्या माणसाने जुन्या धन्याची आठवण लिहून ठेवावी, यात एक प्रकारचे इमान आहे. साताऱ्याचा मानही अगदी गेला नव्हता. १७६१ मध्ये माधवरावांना आणि १७७२ मध्ये नारायणरावांना वस्त्रे घेण्यास साताऱ्याला यावे लागले. १७७४ मध्ये चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी वस्त्रे पुरंदरावर गेली, तीही साताऱ्याहूनच. हिंदुस्थानभर दरारा असलेला पेशवा, पण शिक्का त्या डोंगराआडच्या गावाचा!

पुण्यास गेलेल्यांचे सगळे चांगलेच झाले असे कोणी समजू नये. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, घरे जाळली. लोक सिंहगडाकडे, पुरंदराकडे, वाट फुटेल तिकडे पळाले. १८०२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, हडपसरपाशी यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पळून गेले. मग सावकारांच्या आणि कारभाऱ्यांच्या घरांतून पैसा कसा काढला गेला ते वाचवत नाही. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. त्या दिवसांत माझ्या मनातल्या त्या कारकुनाच्या नातवाला चिमणपुऱ्यातले घर आणि परसातले आंबे किती वेळा आठवले असतील!

आणि मग दैवाने एक विलक्षण उलथापालथ केली. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ज्या फडावर शेकडो लेखण्या चालत होत्या तो एका दिवसात मुका झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्लाही इंग्रजांनी घेतला, परंतु गादी मोडली नाही. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य मिळाले. म्हणजे पुण्याचे राज्य गेले आणि साताऱ्यास राज्य आले! साताऱ्यात पुन्हा दप्तर सुरू झाले, रस्ते झाले, नवा राजवाडा उठला, छापखाना आला. पुण्यातल्या बेकार कारकुनांपैकी किती जणांनी तेव्हा आजोबांच्या गावाची वाट धरली असेल, त्याची कोणी मोजदाद ठेवलेली नाही. पण हे दुसरे राज्यही अल्पायुषी ठरले. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि सातारा खालसा झाला.

पुणे मात्र राज्य गेल्यावरही मोडले नाही. इंग्रजांची छावणी आली, रेल्वे आली, शाळा-कॉलेजे आली. १९०१ च्या खानेसुमारीत पुण्यात दीड लाखावर माणसे मोजली गेली, साताऱ्यात सव्वीस हजारांच्या आसपास. आता तर तुलनेचा प्रश्नच राहिलेला नाही.

साताऱ्याच्या राजवाड्याचे पुढे काय झाले ते आम्हा शाळेतल्या माणसांना विशेष जवळचे आहे. त्या जुन्या वाड्यात हायस्कूल भरू लागले. लष्करातून निवृत्त झालेले रामजी सकपाळ नोकरीच्या निमित्ताने साताऱ्यास बिऱ्हाड करून राहिले होते. याच गावात त्यांची पत्नी भीमाबाई वारली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी आपल्या मुलाचे नाव या शाळेत घातले. शाळेच्या रजिस्टरात ते १९१४ क्रमांकावर आहे : भिवा रामजी आंबेडकर. चार वर्षांनी, १९०४ साली, हे बिऱ्हाडही साताऱ्याहून हलले. ते पुण्यास गेले नाही, मुंबईला गेले.